मोबाइल ॲपच्या डॉक्समधल्या लिंका दुरुस्त करताना

४०४, म्हणजे 'पान सापडलं नाही' असं उत्तर देणारी लिंक शोधायला सोपी असते. कुठलंही साधन चालवा, ती यादीत येते. खरा घात करते ती लिंक, जी २०० (म्हणजे 'सगळं ठीक') देते, पान नीट उघडते आणि पानावर भलतंच काही असतं: बंद झालेल्या लायब्ररीची माहिती, कितीतरी आवृत्त्यांमागचा कोड, नाहीतर नुसतं कंपनीचं होमपेज. मोबाइलच्या क्षेत्रात असं वारंवार होतं, कारण इथे प्लॅटफॉर्मवाले दर वर्षी काहीतरी हलवतात आणि जुनी पानं मात्र तशीच उभी राहतात. म्हणून साधन चालवणं हा या कामाचा छोटा भाग आहे. जुन्या लिंकेच्या जागी नेमकं काय ठेवायचं, हे ठरवण्यातच खरा वेळ जातो.

आधी सगळ्या लिंका गोळा करा

रीडमी (प्रकल्पाची ओळख करून देणारी फाइल) आणि डॉक्सचं फोल्डर सगळेच तपासतात. सुटतं ते बाकीचं: कोडमधल्या जावाडॉक, केडॉक आणि डॉकसीच्या कॉमेंट, ग्रेडल या बिल्डच्या साधनाच्या फायलींतले रिपॉझिटरीचे पत्ते, पॉडस्पेक आणि पबस्पेक या पॅकेजची माहिती देणाऱ्या फायलींमधली होमपेजची ओळ, इश्यू टेम्प्लेट (तक्रार नोंदवायचा साचा), अँड्रॉइडची स्ट्रिंग्जची एक्सएमएल फाइल, आयओएसची लोकलायझेबल फाइल. स्टोअरच्या नोंदीत दिलेली गोपनीयता धोरणाची लिंकही याच यादीत घ्या. ती दोन्ही स्टोअरना लागते, आणि ती उघडत नसेल तर पुढचा रिव्ह्यू अडकू शकतो.

तुमची एसडीके (इतरांनी आपल्या ॲपमध्ये वापरायचा कोडचा संच) असेल, तर एरर मेसेजमधल्या 'अधिक माहितीसाठी इथे पाहा' छापाच्या लिंका सर्वांत आधी दुरुस्त करा. तिथे पोचलेल्या माणसाची बिल्ड (कोडपासून ॲप तयार करण्याची पायरी) पडलेली असते, ॲप क्रॅश झालेलं असतं. मृत लिंक सगळ्यात जास्त त्यालाच नडते.

रेपोच्या, म्हणजे कोडच्या गिट रिपॉझिटरीच्या, मुळाशी उभं राहून गिटची ग्रेप कमांड 'एचटीटीपी' या शब्दावर चालवा, मिळालेल्या ओळींमधून फक्त पत्ते वेगळे काढा आणि ते डोमेननुसार लावून प्रत्येक डोमेनवर किती लिंका आहेत ते मोजा. फायलींनुसार लावण्यात फायदा नाही. एखादं डोमेन हललं की त्यावरच्या सगळ्या लिंकांचा निर्णय बहुतेक वेळा एकच असतो. रिॲक्ट नेटिव्हची डॉक्स फेसबुकच्या गिटहब पानांवरून स्वतःच्या डोमेनवर गेली, डार्टची पॅकेजं पब-डार्टलँगवरून पब डॉट डेव्हवर गेली. असा एकेक बदल डोमेनच्या यादीत लगेच डोळ्यांत भरतो.

इथेच एक गोष्ट लक्षात ठेवा: छापून गेलेलं पॅकेज बदलत नाही. पब डॉट डेव्ह, एनपीएम किंवा मेव्हन सेंट्रलवर गेलेल्या आवृत्तीत ढवळाढवळ करता येत नाही. रेपोतला रीडमी दुरुस्त केला म्हणून पॅकेजच्या पानावरचा रीडमी दुरुस्त होत नाही, त्यासाठी नवी आवृत्ती सोडावी लागते. त्यामुळे लिंकांची दुरुस्ती पुढच्या रिलीजच्या आधी करा, नंतर नको. शिवाय पॅकेजच्या पानावर रीडमीतल्या सापेक्ष लिंका रिपॉझिटरीच्या फील्डच्या आधाराने जोडल्या जातात. ते फील्ड रिकामं असेल किंवा जुन्या रेपोकडे दाखवत असेल, तर गिटहबवर व्यवस्थित दिसणारी चित्रं पॅकेजच्या पानावर गायब होतात.

तपासणी, आणि आकडे वाचायचे कसे

साध्या मार्कडाउनसाठी (साध्या चिन्हांनी मजकूर लिहायची पद्धत) 'लिची' हे रस्टमध्ये लिहिलेलं साधन चांगलं आणि जलद आहे. डॉक्सची साइट बनवायला स्फिंक्स, डॉक्युसॉरस किंवा एमकेडॉक्स वापरतात. डॉक्स स्फिंक्सवर असतील तर त्यातच लिंकचेक नावाचा बिल्डर मिळतो. डॉक्युसॉरस प्रॉडक्शन बिल्डच्या वेळी तुटलेली अंतर्गत लिंक दिसली की बिल्ड थांबवतो, पण तुटलेल्या अँकरबद्दल (पानातल्या ठरावीक जागेकडे नेणारा, पत्त्यातला # नंतरचा भाग) मूळ सेटिंगमध्ये फक्त इशारा देतो. ते सेटिंग बदलून अँकरलाही बिल्ड थांबवायला लावा. एमकेडॉक्समध्ये स्ट्रिक्ट पर्याय लावल्याशिवाय इशारे नुसते वाहून जातात. लिचीसुद्धा अँकर आपणहून तपासत नाही, तो पर्याय वेगळा द्यावा लागतो.

पहिली फेरी चालवण्याआधी वगळायच्या पत्त्यांची यादी करा. लोकलहोस्ट, उदाहरणादाखल दिलेली डोमेन आणि १०.०.२.२ हे त्यात हवंच. हा शेवटचा पत्ता अँड्रॉइड एम्युलेटरमधून तुमच्या स्वतःच्या मशीनला गाठण्यासाठी असतो. तो डॉक्समध्ये बरोबरच आहे, पण तपासणीच्या सर्व्हरवरून कधीच उघडणार नाही. ॲपच्या स्वतःच्या स्कीमच्या, म्हणजे एचटीटीपीऐवजी ॲपच्या स्वतःच्या शब्दाने सुरू होणाऱ्या, लिंकाही वगळा. गिटहबच्या लिंका पुष्कळ असतील तर साधनाला गिटहबचं टोकन द्या, नाहीतर थोड्या वेळाने ४२९ चा ('फार विनंत्या झाल्या') पाऊस सुरू होतो आणि निकालावर विश्वास ठेवता येत नाही.

मग निकाल येतो. ३०१ आणि ३०८ म्हणजे पान कायमचं हललं. नवा पत्ता उघडून मजकूर तोच आहे का ते बघा आणि थेट नवा पत्ता लिहा. ३०२ आणि ३०७ तात्पुरते असतात. लॉगिनकडे, वाचकाच्या भाषेकडे किंवा ताज्या आवृत्तीकडे पाठवणारे रिडायरेक्ट बहुधा याच प्रकारचे, तिथे मूळ पत्ताच ठेवा. ४०४ आणि ४१० (पान काढून टाकलंय) म्हणजे नवं ठिकाण शोधायचं. ५०० च्या घरातले आकडे (सर्व्हरचीच अडचण) आणि टाइमआउट दिसले तर लगेच हात लावू नका, दुसऱ्या दिवशी पुन्हा फेरी करा.

४०३ बद्दल ('परवानगी नाही') थोडं जास्त सांगायला हवं, कारण इथे चांगल्या लिंका मारल्या जातात. अनेक साइट स्वयंचलित विनंत्या अडवतात. ब्राउझरमध्ये तेच पान व्यवस्थित उघडतं. ४०३ दिसलं म्हणून लिंक काढू नका. हाताने उघडून पाहा, ठीक असेल तर वगळण्याच्या यादीत टाका आणि शेजारी कारण व तारीख लिहा.

आता फसवी २००. ती ओळखण्याची एक सोपी खूण आहे: रिडायरेक्टनंतरचा शेवटचा पत्ता मूळ पत्त्यापेक्षा फारच आखूड झाला असेल, म्हणजे चार पायऱ्या खोल असलेली लिंक एकदम डोमेनच्या मुळाशी येऊन थांबली असेल, तर तिथलं पान काढून टाकलंय असंच समजा. अशा लिंकेचा पत्ता 'दुरुस्त' करून होमपेजचा पत्ता लिहिणं सर्वांत वाईट. तपासणी हिरवी होते आणि वाचकाच्या हाती काहीच लागत नाही. ॲपलच्या डेव्हलपर डॉक्सची अडचण वेगळी आहे. ती पानं जावास्क्रिप्टने उभी राहतात, त्यामुळे साध्या साधनाला नुसता सांगाडा दिसतो. पानावरचा मजकूर किंवा अँकर तिथे आहे की नाही, हे माणसानेच उघडून बघायला हवं.

जुन्याच्या जागी काय ठेवायचं

प्रत्येक लिंकेला एकच प्रश्न विचारा: हे वाक्य वाचून माणूस तिथे काय मिळवायला जाणार आहे? तेच जिथे मिळतं, तो नवा पत्ता. नुसता पत्ता बदलून भागत नाही अशी काही ठिकाणं मोबाइलच्या डॉक्समध्ये हमखास सापडतात.

अँड्रॉइडची जुनी सपोर्ट लायब्ररी २०१८ मध्ये अँड्रॉइडएक्सला जागा देऊन थांबली. तिची शेवटची आवृत्ती २८. जुन्या डॉक्समध्ये रिसायक्लर-व्ह्यूची लिंक सपोर्ट-व्ही७ च्या वर्गाकडे जाते. ती अँड्रॉइडएक्सच्या वर्गाकडे वळवलीत आणि खालच्या कोडमधली इम्पोर्टची ओळ तशीच ठेवलीत, तर लिंक एक सांगते आणि कोड दुसरं. वाचक कोड उचलतो, बिल्ड पडते. लिंक, इम्पोर्ट आणि ग्रेडलची डिपेन्डन्सी ही तिन्ही एकाच कमिटमध्ये (गिटमधली बदलांची एक नोंद) बदला.

जेसेंटर या लायब्ररींच्या कोठाराचंही तसंच. ते बंद करत असल्याचं जेफ्रॉगने फेब्रुवारी २०२१ मध्ये जाहीर केलं, त्यानंतर ते फक्त वाचण्यापुरतं राहिलं आणि ऑगस्ट २०२४ पासून त्याच्या विनंत्या मेव्हन सेंट्रलकडे वळवल्या जातात. म्हणजे जुनी ओळ अजून चालल्यासारखी वाटते. पण जी लायब्ररी मेव्हन सेंट्रलवर कधी गेलीच नाही, ती मिळत नाही, आणि नवख्या माणसाला कारण कळत नाही. तुमच्या डॉक्समधून जेसेंटरची ओळ काढून मेव्हन सेंट्रलची लिहा, आणि प्रत्येक डिपेन्डन्सीचा ग्रुप, नाव आणि आवृत्ती तिथे खरोखर आहे का ते एकेक करून तपासा.

काही गोष्टींना सरळ पर्यायच नसतो. फायरबेस डायनॅमिक लिंक्स (वाचकाला ॲपमध्ये किंवा स्टोअरकडे नेणाऱ्या लिंकांची सेवा) २५ ऑगस्ट २०२५ ला बंद झाल्या. डॉक्समधल्या पेज-डॉट-लिंक पत्त्यांच्या जागी टाकायला दुसरा तयार पत्ता नाही. अँड्रॉइड ॲप लिंक्स आणि आयओएसच्या युनिव्हर्सल लिंक्स (वेबची लिंक थेट ॲपमध्ये उघडणाऱ्या सोयी) वापरून ते प्रकरणच नव्याने लिहावं लागतं. फोनवर सूचना पाठवणाऱ्या गूगल क्लाउड मेसेजिंगच्या बाबतीतही असंच. त्याच्या जुन्या एपीआय मे २०१९ मध्ये काढल्या गेल्या, फायरबेसच्या मेसेजिंगची रचना वेगळी आहे. अशा वेळी लिंक दुरुस्तीच्या पीआरमध्ये (पुल रिक्वेस्ट, म्हणजे तपासणीसाठी मांडलेला बदल) ते कोंबू नका. पानावर वर स्पष्ट सूचना लिहा, वेगळा इश्यू उघडा.

ॲपलच्या जुन्या मार्गदर्शिका अर्काइव्हमध्ये गेल्या आहेत. त्या उघडतात, २०० देतात, आणि त्या आता अद्ययावत होत नाहीत अशी सूचना तिथे असते. संकल्पना समजावून सांगणारी काही जुनी पानं आजही नव्या पानांपेक्षा सरस आहेत. ती काढून टाकायची गरज नाही, पण लिंकेच्या मजकुरातच 'जुनी मार्गदर्शिका' असं लिहा. आणि कुठे 'आयट्यून्स कनेक्ट' लिहिलेलं असेल, तर पत्त्याबरोबर नावही बदला: २०१८ पासून ते ॲप स्टोअर कनेक्ट आहे. लिंक नवी आणि नाव जुनं असलं, की वाचक पडद्यावर नसलेलं बटण शोधत बसतो.

गिटहबच्या लिंकांमध्ये बारकावे आहेत. शाखेचं नाव मास्टरवरून मेन केलं, तर फाइलच्या पानांच्या लिंका गिटहब वळवतो, पण रॉ फाइलच्या (गिटहबच्या पानाशिवाय थेट मिळणाऱ्या फाइलच्या) लिंका वळवत नाही. इन्स्टॉल करायची स्क्रिप्ट किंवा कॉन्फिगची फाइल थेट उतरवायला सांगणाऱ्या लिंका बहुतेक रॉ असतात, म्हणून त्या आधी बघा. रेपोचं नाव बदललं तर जुना पत्ता चालत राहतो, पण त्याच खात्यावर कोणी जुन्या नावाने नवा रेपो काढला की ती वाट बंद. आणि ठरावीक ओळ दाखवणारी लिंक कधीही शाखेवर देऊ नका. वर एक ओळ वाढली की तुमची ओळ खाली सरकते आणि लिंक दुसऱ्याच फंक्शनकडे बोट दाखवते. फाइल उघडून कीबोर्डवर वाय दाबा. पत्त्यात शाखेच्या जागी कमिटचा क्रमांक येतो. तो पत्ता वापरा.

'लेटेस्ट' की ठरावीक आवृत्ती? पान कुठल्या आवृत्तीसाठी लिहिलंय, त्यावर हे ठरतं. तुमच्या एसडीकेच्या आवृत्ती ३ चं मार्गदर्शन असेल, तर त्याच आवृत्तीच्या संदर्भपानाकडे पाठवा. रीड द डॉक्सवर 'लेटेस्ट' म्हणजे मूळ शाखेवरचं, कदाचित अजून बाहेर न पडलेलं, आणि 'स्टेबल' म्हणजे शेवटच्या टॅगचं. पॅकेज मॅनेजरवरून घेणाऱ्या वाचकाला स्टेबल हवं असतं.

भाषेचा भाग पत्त्यातून काढा. गूगलच्या पानांच्या शेवटी येणारं एचएल असो की मायक्रोसॉफ्टच्या पत्त्यातलं ईएन-यूएस असो, ते काढलं की वाचकाला त्याने निवडलेली भाषा मिळते. लिंक आखूड करणाऱ्या सेवांचे पत्ते डॉक्समध्ये ठेवू नका, ते उलगडून मूळ पत्ता लिहा. जुन्या चेंजलॉगमधली लिंक मेली असेल आणि नवं ठिकाण नसेल, तर वेबॅक मशीनवरची (वेबपानांच्या जुन्या प्रती जपणारी साइट) त्या काळातली प्रत द्या. तिच्या पत्त्यातला १४ आकड्यांचा भाग म्हणजे वर्षापासून सेकंदापर्यंतची वेळ, तो तुमच्या रिलीजच्या तारखेजवळचा निवडा.

एकगठ्ठा बदल करताना

एका डोमेनला एक कमिट. आधी नुसतं शोधून काय काय सापडतं ते वाचा, मगच बदला. शोधताना पत्त्यातल्या टिंबापुढे बॅकस्लॅश द्या, नाहीतर टिंबाचा अर्थ 'कुठलंही अक्षर' असा होतो. लांब पत्ते आधी बदला, आखूड नंतर. उलट केलं तर आखूड नियम लांब पत्त्याचा अर्धा भाग आधीच खाऊन टाकतो.

अँड्रॉइडच्या संदर्भपानांना एक खास सापळा आहे. ॲक्टिव्हिटी वर्गाच्या ऑन-क्रिएट मेथडची लिंक घ्या. तिच्या अँकरमध्ये मेथडच्या नावापुढे कंस असतो आणि कंसात बंडल या वर्गाचं पूर्ण नाव असतं. मार्कडाउनमध्ये पत्ता मुळात कंसातच लिहितात. जोडीने आलेले कंस काही रेंडरर नीट समजतात, काही पहिल्या बंद कंसावर पत्ता तोडतात. तुमची शोध-बदलची पॅटर्न तर बहुधा तिथेच थांबते आणि मागे एक सुटा कंस ठेवून जाते. यावर उपाय म्हणजे पत्ता कोनी कंसात गुंडाळणं, किंवा गोल कंसांच्या जागी टक्क्याचं चिन्ह लावून २८ आणि २९ लिहिणं. एकापेक्षा जास्त पॅरामीटर असलेल्या मेथडमध्ये स्वल्पविरामापुढची मोकळी जागाही येते, ती टक्क्यापुढे २० अशी लिहा.

तोच पत्ता दहा पानांवर येत असेल, तर तो एकाच जागी ठेवा. स्फिंक्समध्ये त्यासाठी एक्स्टलिंक्स आहे, आस्कीडॉकमध्ये ॲट्रिब्यूट आहेत. आपल्याच कोडमधल्या वर्गांना वेबचा पत्ता देऊच नका. केडॉकमध्ये चौकोनी कंसात आणि डॉकसीमध्ये दुहेरी बॅकटिकमध्ये नुसतं नाव लिहिलं की लिंक आपोआप बनते, आणि नाव चुकलं तर डॉकसी बिल्डच्या वेळीच इशारा देतं.

मराठी शीर्षकं आणि अँकर

मराठीत डॉक्स लिहिणाऱ्यांनी हे नीट वाचावं. एमकेडॉक्सच्या मुळाशी असलेलं पायथन-मार्कडाउन शीर्षकावरून अँकर बनवताना आपल्या मूळ सेटिंगमध्ये रोमनबाहेरची सगळी अक्षरं टाकून देतं. 'लॉगिनची जोडणी' या शीर्षकातलं काहीच उरत नाही, आणि अँकर होतो नुसता अधोरेखेनंतरचा क्रमांक: पहिल्या शीर्षकाला १, दुसऱ्याला २. मग मध्ये एक नवं शीर्षक घातलं की खालचे सगळे क्रमांक एकाने सरकतात. एकही लिंक तुटत नाही, तपासणी हिरवीच राहते, आणि त्याखालच्या शीर्षकांची प्रत्येक लिंक चुकीच्या परिच्छेदावर जाते. युनिकोडचा पर्याय निवडला तरी पायथन मात्रा आणि वेलांट्यांना अक्षर मानत नाही, त्यामुळे 'जोडणी'चं 'जडण' होतं आणि वेगळे शब्द एकसारखे दिसू लागतात.

त्यामुळे प्रत्येक मराठी शीर्षकाला हाताने आयडी द्या, तोही रोमन लिपीत आणि छोटा. एमकेडॉक्समध्ये त्यासाठी ॲट्रिब्यूट लिस्टचं एक्स्टेन्शन चालू करावं लागतं, डॉक्युसॉरसमध्ये शीर्षकाच्या शेवटी महिरपी कंसात # लावून आयडी लिहितात. पुढे शीर्षकाचे शब्द कितीही बदला, लिंक हलत नाही.

तुमचीच पानं हलली तर

जुना पत्ता आणि नवा पत्ता अशा दोन रकान्यांची यादी करा. फायरबेस होस्टिंगमध्ये ती कॉन्फिगच्या जेसन फायलीत जाते, नेटलिफायमध्ये रिडायरेक्ट्सच्या फायलीत. गिटहब पेजेसवर सर्व्हरच्या बाजूचा ३०१ देता येत नाही. तिथे जुन्या जागी एक छोटं पान ठेवून मेटा-रिफ्रेशने पुढे पाठवावं लागतं. जेकिलचं रिडायरेक्ट-फ्रॉम प्लगइन तेच करतं. साखळी होऊ देऊ नका: पहिल्यावरून दुसऱ्यावर आणि दुसऱ्यावरून तिसऱ्यावर जात असेल, तर पहिलं थेट तिसऱ्यावर न्या. सुरुवातीला ३०२ लावा, सगळं तपासून झालं की ३०१ करा. ३०१ ब्राउझर दीर्घकाळ लक्षात ठेवतात, चुकीचा लावला तर वाचकाच्या मशीनवरून तो परत काढता येत नाही.

# नंतरचा भाग सर्व्हरपर्यंत पोचतच नाही, म्हणून एका पानाचे दोन तुकडे केले तर कुठला अँकर कुठे पाठवायचा हे सर्व्हर ठरवू शकत नाही. जुन्या पानावर त्या आयडीचा छोटा परिच्छेद ठेवा आणि तिथून नव्या पानाची लिंक द्या.

डोमेन बदलताना एक मोठी चूक घडते. 'सगळं काही नव्या डोमेनवर पाठवा' असा एकच नियम लावला की वेल-नोन फोल्डरातली ॲसेटलिंक्सची आणि ॲपलची असोसिएशनची फाइलही (हे डोमेन याच ॲपचं आहे हे सांगणाऱ्या फायली) त्यात सापडते. अँड्रॉइड आणि आयओएस दोघांनाही या फायली रिडायरेक्टशिवाय हव्या असतात. अँड्रॉइड १२ पासून डोमेनची पडताळणी नसेल तर लिंक ॲपमध्ये न उघडता गुपचूप ब्राउझरमध्ये जाते. आयओएस १४ पासून असोसिएशनची फाइल ॲपलच्या सीडीएनमार्फत (फायलींच्या प्रती पुरवणारं सर्व्हरचं जाळं) येते. सीडीएन २४ तासांच्या आत ती मागतं, पण ॲप आधीच असलेले फोन साधारण आठवड्यातून एकदाच नवी प्रत पाहतात. म्हणजे दुरुस्ती केल्यावरही काही दिवस तक्रारी येत राहतील. वेल-नोन फोल्डर नियमाबाहेर ठेवा.

ॲपच्या आत दिलेली मदतीची लिंक जुन्या आवृत्त्यांत कायम राहते, कारण सगळे अपडेट करत नाहीत. तिथे बाहेरचा पत्ता कधीच लिहू नका. आपल्या डोमेनवर मदतीसाठी एक छोटा मार्ग राखून ठेवा आणि तिथून हवं तिकडे वळवा. हा मार्ग ॲप लिंक्सच्या आणि युनिव्हर्सल लिंक्सच्या नियमांतून वगळलेला असू द्या, नाहीतर मदतीची लिंक मदतीचं पान उघडण्याऐवजी ॲपलाच हाक मारते.

रोजच्या कामात बसवताना

अंतर्गत लिंका आणि अँकर प्रत्येक पीआरवर तपासा, ऑफलाइन. त्या तुटल्या तर दोष त्याच पीआरचा असतो, म्हणून अडवणं रास्त आहे. बाहेरच्या लिंका आठवड्यातून एकदा, वेळापत्रकाने तपासा, आणि निकाल बिल्ड पाडण्याऐवजी इश्यू म्हणून येऊ द्या. दुसऱ्याची साइट तासभर बंद पडली म्हणून कोणाचा बग फिक्स अडकला, की चौथ्या वेळी कोणीतरी ती तपासणीच काढून टाकतं. वगळण्याच्या यादीतल्या नोंदी तारखेनुसार लावा आणि सहा महिन्यांपेक्षा जुन्या नोंदी पुन्हा उघडून बघा. सार्वजनिक रेपोमध्ये ६० दिवस काहीच हालचाल झाली नाही तर गिटहब ॲक्शन्स वेळापत्रकाचं काम आपोआप बंद करतं. शांत पडलेल्या डॉक्सच्या रेपोत ते पुन्हा हाताने चालू करावं लागतं.